हत्ताच्या वादीत दिलेला हुकूम

माझी शेवटची पोस्टिंग देरा, दुबई. तुम्ही सिव्हिलियन लोक तिला नोकरी म्हणाल. मी अठ्ठावीस वर्षं सिग्नल्समध्ये काढली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो, पेन्शन सुरू झाली, तरी तोंडात शब्द तोच राहिला. काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. ठिकाण खाडीजवळची पाच मजली बिल्डिंग, खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर राहायच्या खोल्या. मी सिक्युरिटी सुपरवायझर. ड्यूटी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. हाताखाली सात गार्ड, चार वॉकी-टॉकी सेट आणि एक रजिस्टर.

तुम्ही चिपळूणच्या मंडळींनी मला चीनबरोबरच्या बासष्टच्या लढाईवर बोला म्हणून कितीदा सांगितलंत. दरवेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. आज सांगतोय ते लढाईतलं नाही. पण आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो तो दिवस हा, आणि एक चांगला माणूस माझ्यामुळे गेला तोही ह्याच दिवशी. म्हणून वेळेनुसार, नीट सांगतो. मध्ये कुणी हळहळू नका, मला पुढचं बोलता येणार नाही.

तिसऱ्या मजल्यावर एका तरुण चिनी व्यापाऱ्याचं ऑफिस होतं. थर्मास, छत्र्या, कुलपं असा माल. एका सकाळी त्याने मला वर बोलावलं.

"सुभेदार, माय ग्रँडफादर इज कमिंग. टेन डेज. ही वॉज जनरल, देन मिनिस्टर. व्हेरी ओल्ड मॅन. यू आर आर्मी. यू स्टे विथ हिम."

मी "येस सर" म्हणालो. खाली येऊन रजिस्टर उघडलं आणि त्या दिवशीची तारीख दोनदा लिहिली.

बासष्टला मी एकोणीस वर्षांचा होतो, नवाकोरा वायरलेस ऑपरेटर. मी तिथे फार काही पाहिलं नाही. बर्फ पाहिलं, धूर पाहिला, आणि समोरच्या उतारावरून येणाऱ्या आरोळ्या ऐकल्या. त्या भाषेतला एक शब्द मला कळत नव्हता, पण आवाज जवळ येतोय एवढं कळत होतं. माघारीचा हुकूम आला. सेट जड, बॅटरी संपलेली. सेक्शन कमांडर म्हणाला, "सोड तो." मी सोडला. नऊ दिवस चालून खाली आलो. तिथे एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सेट कुठाय?" माझी मान खाली गेली. पुढच्या सगळ्या नोकरीत मी साधा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा मागे ठेवला नाही. माझे जवान मला ह्यावरून हसायचे. हसू देत, म्हणायचो, सामान मोजून द्या.

जनरल आले. उंची माझ्या खांद्यापर्यंत, वय ऐंशीच्या आसपास, पायात कापडी बूट, खिशाला दोन पेनं. मी सॅल्यूट मारला नाही. ताठ उभा राहिलो एवढंच. ते माझ्या पायांकडे बघून काहीतरी बोलले. नातवाच्या ऑफिसातल्या लिनबाई दुभाष्याचं काम करायच्या. त्या बीजिंगला हिंदी शिकल्या होत्या, आणि त्यांची हिंदी इतकी शुद्ध, की देराच्या बाजारात ती निम्म्या लोकांना कळायची नाही.

"सेनापति महोदय कहते हैं कि आप सैनिक रहे हैं. आपके खड़े होने से ज्ञात होता है."

मी मान हलवली. कुठल्या सैन्यात, कुठल्या साली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गाडी चालवायला इब्राहिम चोगले. श्रीवर्धनकडचा, चाळिशीचा, खोबरेल तेलाने चापून भांग पाडणारा. शेजारच्या अजमान शहरात चार जणांच्या खोलीत राहायचा आणि पहाटे निघून बरोबर सहाला गाडी दारात लावायचा. त्याला वॉकी-टॉकीचा भारी शौक. मी त्याला बोलायची पद्धत शिकवली होती. गाडी पार्किंगमधून काढताना समोर दिसत असलो तरी सेटवर सांगायचा, "साहेब, गाडी रेडी. ओव्हर." मी म्हणायचो, "रॉजर." मग खूश.

पहिले पाच दिवस रूटीन. साडेसहाला जनरल खाडीकाठी चालायचे. धाऊंवर, तिथल्या लाकडी गलबतांवर, फ्रीज, टायर, भाताची पोती चढत असायची. ते तासभर बघत उभे राहायचे आणि बोलायचे, लिनबाई हिंदी करायच्या, मी आणि इब्राहिम ऐकायचो. त्यांचं सगळं आयुष्य मी असं खाडीच्या कठड्याला टेकून ऐकलं.

लहानपणी दुसऱ्याची म्हैस राखायचे. चौदाव्या वर्षी क्रांतीच्या फौजेत गेले, कारण तिथे दोन वेळचं जेवण होतं. तत्त्व वगैरे नंतर कळलं, असं ते हसत म्हणाले. आधी बिगुल वाजवला, मग पलटणीचे नायक झाले. हजारो मैल पायी चालले. विसाव्या वर्षी अक्षरं शिकले, पुढच्या माणसाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून, चालता चालता वाचत. जपान्यांशी लढले, मग आपल्याच लोकांशी. पस्तिशीच्या आत जनरल. लढाई संपल्यावर एका सकाळी त्यांना सांगितलं, गणवेश काढा, आता तुम्ही सरकारात, पाण्याचं खातं तुमचं.

"सेनापति महोदय कहते हैं, उनके अपने घर में नल नहीं था."

इब्राहिम खो खो हसला. जनरलही हसले. मंत्री झाल्यावर इंजिनिअर लोक मागून टिंगल करायचे, तेव्हा हे धरणाच्या जागेवर तंबू ठोकून राहायचे आणि मजुरांना नदी विचारायचे. नंतर राजकारण फिरलं. त्यांना पदावरून काढून चार वर्षं डुकरं राखायला पाठवलं. मग परत बोलावलं, तीच खुर्ची दिली. ते म्हणाले, लढाईतली भीती वेळेवर येते आणि वेळेवर जाते, ऑफिसातली भीती घरी येऊन झोपते. ते ऐकून मला पहिल्यांदा हा म्हातारा आपल्यासारखाच वाटला, आणि लगेच मी स्वतःवर चिडलो. आपल्या पलटणीतली पोरं बर्फात ठेवून आलास आणि ह्याच्याशी गप्पा कसल्या मारतोस, असं झालं.

सहाव्या दिवशी त्यांना दुबईबाहेरचे हत्ताचे डोंगर आणि तिथले जुने पाण्याचे पाट बघायचे होते. थंडीचे दिवस. सकाळी सात दहाला निघालो. मोठी फोर-व्हील गाडी, पुढे इब्राहिम आणि मी, दोघांकडे एकेक वॉकी-टॉकी, मागे जनरल आणि लिनबाई. नातवाचा निरोप, पाचच्या आत परत.

वाटेत माझ्याने राहवलं नाही. मागे न बघता हिंदीत विचारलं, "लिनबाई, साहेबांना विचारा, बासष्ट साली कुठे होते?"

मग त्यांनी विचारलं. जनरलनी लांबलचक उत्तर दिलं नाही.

"कहते हैं, मंत्री थे. एक नहर का काम देख रहे थे. पर सरकार एक ही होती है, और वे उस सरकार में थे."

इब्राहिमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिअर बदलला.

पाट बघून झाले. बारा वीसला आम्ही एका वादीत उतरलो. वादी म्हणजे डोंगरातल्या नदीचं पात्र, वर्षाचे बहुतेक दिवस कोरडं, दगडगोट्यांचं. मधून बोटभर पाणी वाहत होतं. दोन्ही बाजूंना उभे कातळ. म्हाताऱ्याला ऊन नको म्हणून मी गाडी थेट पात्रात, एका झाडाच्या सावलीत लावायला सांगितली.

इब्राहिम म्हणाला, "साहेब, वर डोंगरावर काळं दिसतंय. गाडी काठावरच ठेवतो ना."

"इथे ऊन आहे रे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि गाडी खाली घेतली.

आमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. चटई अंथरली, डबे उघडले. बारा पन्नासच्या सुमाराला जनरल उठले, त्या बोटभर पाण्याजवळ गेले आणि वाकून हात घातला. हात वर काढून बघितला. पाणी गढूळ झालं होतं. त्यांनी वरच्या वळणाकडे पाहिलं, एक शब्द बोलले आणि काठाच्या पायवाटेने चढायला लागले. लिनबाई घाईने उठल्या, "ऊपर चलिए, तुरंत," म्हणाल्या आणि त्यांच्या मागे. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर. तरी माझी ड्यूटी त्यांच्यासोबत, म्हणून मी निघालो. इब्राहिमने चटई गुंडाळली आणि तोही आला. आम्ही चढणीच्या मध्यावर होतो तेव्हा आवाज आला. दगडांवर दगड आपटल्याचा, लांबून, सारखा.

पाणी अजून दिसत नव्हतं, फक्त आवाज जवळ येत होता.

आता नीट ऐका. इब्राहिम माझ्या शेजारी उभा होता. सुरक्षित होता. काखेत चटई होती. मी खाली पाहिलं, गाडी दिसली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "गाडी. इब्राहिम, गाडी काढ."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"दोन मिनिटं आहेत. पळ."

त्याने चटई माझ्या हातात दिली आणि उतरला. तेवढ्यात वरून जनरल ओरडले. मी वळून पाहिलं. त्यांनी हात सरळ वर केला होता, पंजा उघडा, आणि तो जोरात स्वतःकडे ओढत होते. एकदा, दोनदा. जगातल्या कुठल्याही फौजेत ह्या खुणेचा अर्थ एकच, सोडा आणि माझ्याकडे या. मला ती समजली नाही असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मला समजली. माझ्या मनात आलं, ह्याच्या फौजेच्या भीतीने एकदा सामान टाकून पळालो, आता ह्याच्या हुकमाने परत टाकू? मी तोंड फिरवलं.

सेट खरखरला.

"साहेब, गाडी स्टार्ट. ओव्हर."

"वर घे. उजवीकडून. ओव्हर."

मागची चाकं गोट्यांत फिरत होती. धूर दिसत होता.

"साहेब, पकड नाय. चाक फिरतंय नुसतं. सोडू का?"

तेव्हा वळणावर पाणी दिसलं. पाणी कसलं, चिखल, झुडपं, दगड, सगळं एकत्र, पुरुषभर उंच. तरी मी बटण दाबून काय म्हणालो? "एकदा ट्राय कर. लो गिअर. ओव्हर."

"रॉजर."

मग मी ओरडलो, सोड, बाहेर ये, सोड. बटण दाबलं होतं की नाही, आठवत नाही. त्याने दार उघडलेलं मी पाहिलं. एक पाय बाहेर आला होता. पाण्याने गाडी उचलली, आडवी फिरवली आणि दार मिटलं.

मी खाली धावलो. चार पावलं गेलो असेन. मागून कुणीतरी माझा पट्टा धरला. मी हिसडा दिला, तरी सुटला नाही. जनरल खाली बसले होते, दोन्ही पाय दगडाला रोवून, आणि पट्टा सोडत नव्हते. त्यांचे कापडी बूट फाटले होते. मी शिव्या दिल्या, मराठीत, नको नको त्या. लिनबाई कातळाला चिकटून उभ्या होत्या. माझ्या हातातला सेट नुसता खरखरत होता, आणि मी त्यात इब्राहिमचं नाव घेत होतो.

पाणी उतरायला तीन तास लागले. तेवढा वेळ आम्ही तिघं त्या कातळावर. गावातले लोक आणि पोलीस दोर घेऊन आले तेव्हा चार वाजून गेले होते. पाच वीसला इब्राहिम सापडला, दीड किलोमीटर खाली. मी ओळख पटवली. भांग तेवढा विस्कटला होता.

पोलीस चौकीत लाकडी बाकावर आम्हाला बसवलं. आता दुसरी भीती सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. परका देश, पासपोर्ट कंपनीकडे, माणूस मेलेला. घरी मुलीचं लग्न ठरलेलं. जेल होईल, हा एकच विचार. अधिकाऱ्याने उर्दू जाणणारा एक शिपाई शेजारी घेतला आणि विचारलं, "ड्रायव्हर ऊपर आ गया था, फिर नीचे क्यों गया?"

माझं वाक्य तयार होतं. तो स्वतःच गेला साहेब, मी नको म्हणत होतो. जिभेवर आलं होतं. मी घसा साफ केला, तोवर लिनबाई प्रश्न जनरलना चिनीत सांगत होत्या. त्याआधीच जनरल उभे राहिले आणि बोलायला लागले. लिनबाईंनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं, काहीतरी विचारलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, शांतपणे.

लिनबाई खाली बघत म्हणाल्या, "महोदय कहते हैं, आदेश उन्होंने दिया था. गाड़ी में उनकी औषधि थी. उन्होंने कहा, ले आओ."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळला. "सही है?"

मी "जी" म्हणालो.

एवढंच बोललो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला सुभेदार, आणि भीतीपोटी एका ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या मागे लपलो. त्यांना कुणी काही केलं नाही. वय बघून, पाहुणे म्हणून, अपघात असं नोंदवून सोडून दिलं. हे होणार हे त्यांना ठाऊक असावं.

बाहेर गाडीची वाट बघत असताना मी लिनबाईंना म्हटलं, "विचारा त्यांना, का खोटं बोलले."

जनरल बराच वेळ बोलले. लिनबाईंचे डोळे भरून आले होते, तरी हिंदी तशीच स्वच्छ. एकोणीस वर्षांचे असताना त्यांची तुकडी एक नदी ओलांडत होती. साठ माणसांची भाताची कढई पलीकडच्या काठावर राहिली. त्यांनी स्वयंपाक्याला परत पाठवलं. नदी वाढली, स्वयंपाकी गेला. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, तो स्वतःच गेला, मी अडवत होतो. सगळ्यांनी मान्य केलं. त्या माणसाची आई म्हणे पुढे गावात सांगायची, माझा पोरगा हट्टी होता, त्याच्याच चुकीने मेला.

"महोदय कहते हैं, आप वही वाक्य बोलने वाले थे. आपका मुख देखकर वे जान गए."

त्यांना पहिला आणि शेवटचा सॅल्यूट मारला. कोपर नीट आलं नाही. त्यांनी तो घेतला नाही. नुसती मान हलवली, जणू म्हणत होते, हे मला नको, जिथे द्यायचंय तिथे दे.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमला तिथल्याच कब्रस्तानात दफन केलं. घरच्यांनीच तसं कळवलं. अजमानचे त्याचे तिघे खोलीवाले, जनरल, नातू, मी. जनरल उन्हात शेवटपर्यंत उभे होते. तीन दिवसांनी ते परत गेले. दोन वर्षांनी ते वारल्याचं नातवाने सांगितलं.

मी मात्र गप्प राहिलो. मुलीचं लग्न झालं, नातू झाला, दुबईत नवे टॉवर उभे राहिले, मी तिथेच रजिस्टर लिहीत बसलो. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला हत्ता ठरलं की मी आजारी पडायचो. दोन हजार सालानंतर नोकरी सोडून चिपळूणला आलो आणि पहिल्या महिन्यात एसटी धरून श्रीवर्धनच्या बाजूला गेलो. जाताना दोनदा मधल्या स्टँडवर उतरलो, परत फिरावं म्हणून. इतकी भीती वाटत होती.

इब्राहिमची बायको झुबेदा. घर लहान, अंगणात जाळी वाळत घातलेली. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "सुभेदारसाहेब ना तुम्ही? ते फोनवर तुमचं सांगायचे. वॉकी-टॉकी शिकवली म्हणायचे."

चहा आला. मी कप हातात घेतला नाही. उभा राहून सगळं सांगितलं. तो वर आला होता, मी पाठवलं, त्याने सोडू का विचारलं, मी नाही म्हणालो. नंतर पोलिसांपुढे गप्प बसलो. वेळेसकट सांगितलं.

ती ऐकत होती. मग आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक कागद घेऊन आली. देवनागरीत लिहिलेलं हिंदी पत्र, लिनबाईंचं अक्षर, खाली चिनी सही. आदेश मेरा था, आपके पति निर्दोष थे, हो सके तो मुझे क्षमा करें. घडीवर कागद फाटायला आला होता.

"चार-पाच वर्षं रोज वाचलं हे," झुबेदा म्हणाली. "आधी त्या म्हाताऱ्याला लई शिव्या घातल्या. मग एक दिवस नमाज झाल्यावर मी त्याला माफ केलं. लई जड गेलं, साहेब. आणि आता तुम्ही सांगता, तो नव्हताच."

"नव्हता, वहिनी. मी होतो."

तिने पत्र घडी करून मांडीवर ठेवलं.

"मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागेल," ती म्हणाली. "आज नाही जमायचं. तुम्ही चहा घ्या."

मी चहा घेतला. तेव्हापासून दरवर्षी एकदा जातो. ती चहा देते, मुलांचं सांगते, भात कसा झाला ते सांगते. ती गोष्ट अजून तिने काढलेली नाही, आणि मी विचारणार नाही. तुम्ही मला हुतात्म्यांची नावं घ्यायला इथे उभं केलंत. बासष्टच्या माझ्या सोबत्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, ती कुणीही वाचू शकतं. मी एकच नाव घेतो, जे कुठल्या दगडावर नाही. इब्राहिम चोगले, ड्रायव्हर, राहणार श्रीवर्धन तालुका. वर आलेला होता. हुकूम माझा होता.